पासवर्डची मुदत आणि सक्तीचा बदल : प्रकल्प नोंदी, मार्च–एप्रिल २०२६

२ मार्च, सोमवार

काम आजपासून माझ्याकडे आलं. तपासणीच्या अहवालात एवढंच लिहिलंय की सगळ्या युनिक्स सर्व्हरवर पासवर्डला ९० दिवसांची मुदत लावा. वाक्य एक, पण आत तीन वेगळी कामं आहेत. ती एकत्र झाली की पुढे सगळाच गुंता होतो, म्हणून पहिल्याच पानावर वेगळी लिहून ठेवते. पहिलं, ठरावीक दिवसांनी पासवर्ड जुना झाला असं धरणं. दुसरं, पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणं. तिसरं, खातंच एका तारखेला बंद करणं. तिन्ही गोष्टी एकाच फाइलच्या एकाच ओळीत राहतात, त्यामुळे बोलताना लोक सगळ्याला 'एक्सपायरी' म्हणून मोकळे होतात.

यंत्रं अशी (लिनक्स, फ्रीबीएसडी, एआयएक्स या सगळ्या युनिक्सच्याच कुळातल्या प्रणाली): ३८ लिनक्स, ३ फ्रीबीएसडी, १ जुनं एआयएक्स, आणि मोजमापं गोळा करणारे ६ छोटे लिनक्स बोर्ड.

सुरुवात शॅडो फाइलपासून, म्हणजे लिनक्समध्ये खात्यांचे पासवर्ड आणि मुदती जिथे राहतात त्या फाइलपासून. चाचणीसाठी आज उघडलेल्या खात्याची ओळ (हॅश म्हणजे पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप; त्याच्या जागी नुसता शब्द लिहिलाय):

चाचणी१:हॅश:२०५१४:०:९९९९९:७:::

अपूर्णविरामांनी तोडलेली नऊ घरं. नाव, हॅश, शेवटच्या बदलाचा दिवस, किमान दिवस, कमाल दिवस, किती दिवस आधी इशारा, मुदत संपल्यावरची सवलत, खातं बंद होण्याचा दिवस, आणि शेवटचं घर राखीव. दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजतात. २०५१४ म्हणजे आजचा. कमाल ९९९९९ म्हणजे सुमारे २७३ वर्षं, म्हणजे मुदत नाहीच. आणि तिसऱ्या घरात शून्य पडलं, तर त्याचा अर्थ '१९७० साली बदललेला' असा घेत नाहीत. तिथलं शून्य म्हणजे हुकूम: पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदल. सक्तीच्या बदलाची सगळी यंत्रणा या एका शून्यावर उभी आहे.

३ मार्च, मंगळवार

दिवसभर खात्यांची यादी. सगळीकडून चेजचं, म्हणजे खात्याच्या मुदती दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या आदेशाचं, आउटपुट एकत्र केलं. माणसांची खाती ९६, यंत्रांची ६१. यंत्रांची म्हणजे रात्रीच्या प्रती (बॅकअप) काढणारी, फाइली हलवणारी, नोंदी गोळा करणारी.

एक गोष्ट लगेच दिसली. गेल्या महिन्यात कुणीतरी बऱ्याच सर्व्हरच्या लॉगिन.डेफ्समध्ये कमाल दिवस ९९९९९ चे ९० केलेत. त्यांना वाटलं असणार, काम झालं. पण ती फाइल फक्त नवं खातं उघडताना वाचली जाते. आधीच्या खात्यांना तिचा स्पर्शही होत नाही. यादीत हे स्पष्ट दिसतंय: त्यानंतर उघडलेल्या चार खात्यांना ९०, बाकी सगळी ९९९९९ वरच. जुन्या खात्यांना एकेक करून चेज चालवावंच लागतं.

आणखी एक ठरवलं. चेजच्या एका अक्षरी पर्यायांत लहान एम म्हणजे किमान आणि मोठा एम म्हणजे कमाल. घाईत यांची अदलाबदल झाली तर किमान ९० दिवस बसतात आणि माणसाला तीन महिने स्वतःचा पासवर्ड बदलता येत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये सगळीकडे लांब पर्यायच लिहायचे: --मिनडेज, --मॅक्सडेज, --वॉर्नडेज, --लास्टडे, --इनॅक्टिव्ह, --एक्सपायरडेट. टायपिंग थोडं वाढतं, वाढू दे.

यादीत एक रकाना जास्तीचा घातलाय: 'आत कसा येतो'. पासवर्डने, किल्लीने (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल फाइल), क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय), की सुडोने (दुसऱ्याच्या, बहुधा रूट म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने आदेश चालवणं). हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागणार आहे आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

५ मार्च, गुरुवार

चाचणी यंत्रावर एकाच खात्याला चेज --लास्टडे ० (म्हणजे तिसऱ्या घरात शून्य) दिलं आणि चारी वाटांनी आत शिरून पाहिलं.

पासवर्डने एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन): अपेक्षेप्रमाणे. आत गेल्या गेल्या 'पासवर्ड आत्ताच बदला' अशी सूचना, मग चालू पासवर्ड, मग नवा दोनदा.

किल्लीने एसएसएच: इथेही पासवर्ड बदलायला सांगतो! बऱ्याच जणांना याचं आश्चर्य वाटतं. पॅम म्हणजे लॉगिनच्या तपासण्या करणारी यंत्रणा. किल्लीने ओळख पटली तरी एसएसएचचा यूजपॅम हा पर्याय चालू असेल तर पॅमची खात्याची पायरी वेगळी चालते, आणि मुदत तिथे तपासली जाते. ओळख पटणं आणि आत घेणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आता ज्याच्या खात्याला कधी पासवर्ड दिलाच नव्हता, फक्त किल्ली होती, त्याची पंचाईत बघा. 'चालू पासवर्ड टाका' म्हणतो, आणि टाकायला काही नाही. तो बाहेरच.

किल्लीने, पण टर्मिनलशिवाय, म्हणजे फाइली हलवणारे आरसिंक किंवा एससीपी: 'पासवर्ड बदलायला हवा, पण टर्मिनल उपलब्ध नाही' अशा अर्थाची एक ओळ आणि काम बंद.

क्रॉन: हे सगळ्यात वाईट, कारण इथे पडद्यावर काहीच येत नाही. काम नुसतं चालतच नाही. सिस्टिम लॉगमध्ये पॅमची एक ओळ सापडते, ओळखीचं प्रमाण आता वैध नाही, नवं हवं, अशा अर्थाची. ती ओळ कुणी रोज वाचत नाही. हेच रूटच्या खात्यालाही लागू आहे: रूटच्या पासवर्डची मुदत संपली की रूटची क्रॉन कामंही गप्प बसतात.

सुडोने मात्र सरळ सांगितलं की खातं किंवा पासवर्ड मुदतबाह्य आहे.

ही पानभर निरीक्षणं संध्याकाळी सगळ्यांना पाठवली.

९ मार्च, सोमवार

आज बैठक. मी ९० दिवसांच्या सरसकट नियमाला विरोध केला आणि कारणं मांडली. ती इथेही लिहिते, कारण हा प्रश्न पुन्हा येणार.

२०१० साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी, झांग, मोनरोज आणि रायटर यांनी, बंद झालेल्या हजारो खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड माहीत असेल तर नवा किती सोपा जातो, हा प्रश्न. १७ टक्के खात्यांत पाचपेक्षा कमी प्रयत्नांत नवा पासवर्ड ओळखता आला. हॅश हाती असेल तर ४१ टक्के पासवर्ड तीन सेकंदांच्या आत सुटले. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, एखादं अक्षर मोठं करतात, चिन्ह मागचं पुढे नेतात. त्यांचा तरी काय दोष? तारीख आली म्हणून बदला, एवढंच कारण दिलं तर माणूस एवढाच बदल करणार.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक काळाने बदल मागू नये असं लिहिलं, आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र बदल करायलाच लावावा, असंही. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत 'मागू नये' चं 'मागायचाच नाही' झालं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून मुदत काढून टाकली.

समोरची बाजूही खोटी नव्हती. तपासणी करणाऱ्यांचं म्हणणं असं की जिथे पासवर्ड हाच एकमेव अडसर आहे, तिथे काहीतरी मर्यादा हवी. कार्ड व्यवहारांच्या पीसीआय मानकाची चौथी आवृत्तीही जवळपास तेच म्हणते: ओळख फक्त पासवर्डवर अवलंबून असेल तिथे ९० दिवस, नाहीतर प्रवेशाची जोखीम सतत तपासणारी व्यवस्था.

ठरलं ते असं. ज्यांना किल्ली आणि दुसरा घटक (ओळखीचा आणखी एक पुरावा) दोन्ही आहेत, त्यांना तारीख नाही. फक्त पासवर्डवर चालणाऱ्या ४१ खात्यांना ९० दिवस, आणि वर्ष संपायच्या आत त्यांनाही दुसरा घटक. प्रशासकाने दिलेला पहिला पासवर्ड सगळ्यांनी पहिल्याच लॉगिनला बदलायचा. मला हवं होतं ते पूर्ण मिळालं नाही, पण जे ठरलं ते पटण्याजोगं आहे.

१२ मार्च, गुरुवार

आजचा दिवस बेरीज-वजाबाकीत.

४१ खात्यांना सरळ --मॅक्सडेज ९० दिलं तर काय होईल? यांतल्या बहुतेकांचा शेवटचा बदल तीन-चार वर्षांपूर्वीचा. सगळ्यांची मुदत त्याच क्षणी संपेल, आणि सवलतीच्या घरात आकडा असेल तर काही जण थेट बाहेर. सवलतीचं घर म्हणजे मुदत संपल्यावर किती दिवस पासवर्ड बदलायची संधी देणार ते. तेवढेही उलटले की बदलायलासुद्धा आत येता येत नाही.

सोपा उपाय कुणीतरी सुचवला: सगळ्यांचा --लास्टडे आजचा करून टाका, मग ९० दिवस आपोआप मिळतात. मी नाही म्हटलं. तो रकाना म्हणजे नोंद आहे. आज कुणीही पासवर्ड बदललेला नसताना 'आज बदलला' असं लिहिणं म्हणजे खोटी नोंद, आणि उद्या एखादा पासवर्ड फुटला तर तो किती जुना होता हे कळायचा मार्ग आपणच पुसलेला असेल.

त्याऐवजी कमाल दिवसच प्रत्येकाला वेगळे दिले. हवी ती तारीख वजा शेवटच्या बदलाचा दिवस. उदाहरणार्थ, एका खात्याचा शेवटचा बदल १९१००, म्हणजे १८ एप्रिल २०२२. खाती तुकड्यांत वाटलीत; पहिली तुकडी २३ मार्चची, म्हणजे २०५३५. वजाबाकी १४३५. चेज --मॅक्सडेज १४३५ दिलं, चेज -एलने मुदत २३ मार्च दाखवली. खोटं काही लिहिलं नाही, तारीखही हवी ती मिळाली.

एक मेख आहे. माणसाने पासवर्ड बदलला की तिसऱ्या घरात नवा दिवस येतो, पण पाचव्या घरातले १४३५ तसेच राहतात. म्हणजे पुढची मुदत जवळपास चार वर्षांनी. म्हणून रोज रात्री चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली: यादीतल्या ज्या खात्याचा शेवटचा बदल १२ मार्चनंतरचा दिसेल, त्याचे कमाल दिवस ९० करायचे आणि यादीत खूण करायची.

किमान दिवस शून्यच ठेवलेत. लोक लागोपाठ बदल करून जुन्या पासवर्डवर परत येतात, त्यावर उपाय म्हणून किमान एक दिवस ठेवायची पद्धत आहे. पण नवा पासवर्ड टाइप करताना शेजारच्याने पाहिला, तर त्या माणसाला तो लगेच बदलता यायला हवा; 'अजून थांबा' हे उत्तर त्या वेळी चुकीचं आहे. जुने पासवर्ड लक्षात ठेवायला पॅमचं पीडब्ल्यूहिस्टरी मॉड्यूल आहे, ते लावलं.

तुकड्या चार: २३ मार्च, ३० मार्च, ६ एप्रिल, १३ एप्रिल. इशारा १० दिवस आधीपासून. पण इशारा फक्त लॉगिन करताना दिसतो. जो महिन्यातून एकदाच येतो त्याला दिसणारच नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला.

२४ मार्च, मंगळवार

पहिल्या तुकडीतल्या एका मॅडमनी सकाळी बोलावलं. 'दोनदा केलं, घेतच नाही.' त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, 'तुम्ही करा, मी नुसती बघते.'

त्यांनी पासवर्ड टाकला. पडद्यावर इशारा आला, मुदत संपली आहे, बदलून पुन्हा लॉगिन करा. खाली ओळ: 'चालू पासवर्ड'. त्यांनी समोरच्या वहीत लिहून आणलेला नवा पासवर्ड टाकला. नकार आला आणि कनेक्शन तुटलं.

चूक त्यांची नव्हतीच. चालू पासवर्ड त्यांनी दोन सेकंदांपूर्वी दिलाच होता. पुन्हा तोच कोण कशाला मागेल? शिवाय टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, त्यामुळे आपण कोणत्या ओळीवर आहोत याचा अंदाज राहत नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, 'मॅडम, पहिला जुना, मग दोनदा नवा.' तिसऱ्या वेळी झालं. आणि झाल्या झाल्या कनेक्शन पुन्हा तुटलं. त्यांचा चेहरा पडला. 'परत गेलं!' खरं तर गेलं नव्हतं. या वाटेने बदल केला की एसएसएच सेशन बंदच करतं आणि नव्या पासवर्डने पुन्हा यावं लागतं.

दुपारी सगळ्यांच्या सूचनापत्रात दोन ओळी वाढवल्या. 'तीनदा विचारेल: आधी जुना, मग नवा, मग पुन्हा नवा. काम झाल्यावर कनेक्शन तुटेल. ते बरोबर आहे, नव्या पासवर्डने परत या.' वही जपून ठेवा, असंही मॅडमना सांगितलं. पासवर्ड वहीत लिहू नका म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. लांब आणि नवा पासवर्ड वहीत असणं हे जुन्यालाच शेवटी १ जोडण्यापेक्षा बरं.

२५ मार्च, बुधवार

चूक झाली, आणि ती माझी. रात्रीची प्रत निघाली नाही.

यादीत एक खातं माणसाच्या नावाचं होतं. त्या नावाचे सहकारी आहेत, पासवर्डने येतातही, म्हणून मी ते पहिल्या तुकडीत घातलं. पण त्यांच्याच खात्यातून आरसिंकचं एक काम वर्षानुवर्षं चालत होतं, किल्लीने, दुसऱ्या यंत्रावरून. 'आत कसा येतो' या रकान्यात मी फक्त 'पासवर्ड' लिहिलं, कारण त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी तेच सांगितलं. ५ तारखेला मी स्वतः पाहिलेलीच ओळ, टर्मिनल उपलब्ध नाही, समोरच्या यंत्राच्या लॉगमध्ये उभी होती.

प्रत सकाळी हाताने काढली, काही गमावलं नाही. पण विचारून भरलेल्या रकान्यावर आता विश्वास ठेवत नाही. दिवसभर बसून प्रत्येक यंत्राच्या एसएसएच लॉगमधून गेल्या साठ दिवसांत कुठलं खातं कुठल्या पद्धतीने आत आलं ते काढलं. यशस्वी लॉगिनच्या ओळीत पासवर्ड की किल्ली हे लिहिलेलं असतंच. अशी आणखी तीन खाती निघाली. तिन्ही पुढच्या तुकड्यांतून काढली, आणि त्यांच्यावरची कामं वेगळ्या यंत्रखात्यांवर हलवेपर्यंत थांबायचं ठरवलं.

२६ मार्च, गुरुवार

यंत्रखात्यांचं काय करायचं, यावर सहकाऱ्याशी बराच वेळ बोलणं झालं. त्याचं मत: पॅमच्या पासवर्ड तपासणाऱ्या पॅम_युनिक्स मॉड्यूलला नो_पास_एक्सपायरी पर्याय द्या. मग किल्लीने आलेल्याची पासवर्डची मुदत पाहिलीच जात नाही. पर्याय चांगला आहे, आणि नेमका याच अडचणीसाठी केलेला आहे.

तरी मी दुसरी वाट धरली. या खात्यांना पासवर्डची गरजच नाही, तर तो ठेवून त्याच्या मुदतीकडे डोळेझाक कशाला करायची? पासवर्डच काढून टाकला. हॅशच्या घरात तारा, कमाल दिवस -१ म्हणजे तपासणी बंद, आणि किल्लीच्या ओळीला ठरावीक आदेशाचं बंधन. ताराच, उद्गारचिन्ह नाही. पासवर्ड कुलूपबंद करताना हॅशच्या आधी उद्गारचिन्ह लागतं, आणि ज्या यंत्रावर यूजपॅम बंद आहे तिथे एसएसएच उद्गारचिन्ह पाहून खातंच बंद समजतं आणि किल्लीलाही नकार देतं. आमच्याकडे अशी दोन यंत्रं आहेत. तारा मात्र नुसतं सांगतो की कुठलाही पासवर्ड जुळणार नाही.

३० मार्च, सोमवार

दुसरी तुकडी शांतपणे गेली. सूचनापत्रातल्या दोन ओळींचा उपयोग झाला.

आज काम सोडून गेलेल्यांची खाती. अकरा निघाली. नऊ खात्यांना पासवर्डचं कुलूप आधीच लावलेलं, म्हणून सगळे निश्चिंत. पण त्यांतल्या पाच जणांच्या किल्ल्या जागेवर होत्या. यूजपॅम चालू असेल तिथे पासवर्डचं कुलूप किल्लीला अडवत नाही. त्यासाठी आठवं घर आहे, खातं बंद होण्याचा दिवस, आणि तो दिवस पॅम कुठल्याही वाटेने येणाऱ्यासाठी तपासतो. चेज --एक्सपायरडेट १ दिलं, म्हणजे २ जानेवारी १९७०. शून्य मुद्दाम दिलं नाही; त्या घरातल्या शून्याचा अर्थ 'कधीच बंद नाही' असाही घेतला जाऊ शकतो, हे शॅडोच्या मॅन्युअल पानातच लिहिलंय. तिसऱ्या घरातलं शून्य हुकूम, आठव्या घरातलं शून्य संदिग्ध. किल्ल्याही काढल्या, क्रॉनची कामं पाहिली, दोन कामं दुसऱ्यांच्या नावावर घेतली.

२ एप्रिल, गुरुवार

फ्रीबीएसडी आणि एआयएक्स.

फ्रीबीएसडीत शॅडो नाही, मास्टर.पासडब्ल्यूडी आहे. दोन घरं आपल्या कामाची: पासवर्ड कधी बदलायचा आणि खातं कधी बंद. दोन्ही दिवसांत नसून सेकंदांत, आणि पहिलं शेवटच्या बदलाची तारीख सांगत नाही, पुढच्या बदलाची सांगतं. लिनक्सची सवय असलेल्याची इथे हमखास फसगत होते. पीडब्ल्यू युजरमॉडला -पी देऊन तारीख घातली. लॉगिन.कॉन्फमध्ये पासवर्डटाइम ९० दिवस केला आणि त्या फाइलचा डेटाबेस नव्याने बनवणारं कॅप_एमकेडीबी चालवलं. हा आकडाही पुढचा पासवर्ड बदलेल तेव्हाच लागू होतो, आपोआप मागच्यांना नाही.

एआयएक्सवर कमाल मुदत आठवड्यांत. ९० दिवस बसतच नाहीत. १३ आठवडे म्हणजे ९१, १२ म्हणजे ८४. बारा ठेवले. तिथे रूटने दुसऱ्याचा पासवर्ड ठरवला की सक्तीच्या बदलाची खूण, एडीएमसीएचजी, आपोआप लागते. मला हे वागणं फार योग्य वाटतं. लिनक्सवर तो शून्य दर वेळी आठवणीने द्यावा लागतो.

आठवड्यांचं हे माप जुनं आहे. सिस्टिम व्हीच्या काळात शॅडो फाइल नव्हती, तेव्हा मुदत पासवर्डच्याच घरात स्वल्पविरामानंतर दोन-चार अक्षरांत लिहायचे. एक अक्षर कमाल आठवड्यांचं, एक किमान आठवड्यांचं, पुढे शेवटच्या बदलाचा आठवडा. टिंब म्हणजे शून्य. दोन टिंबं लिहिली की पुढच्या लॉगिनला सक्तीचा बदल, आणि बदल झाला की ती टिंबं पुसली जायची. आपलं आजचं शून्य त्या टिंबांचंच काम करतं.

८ एप्रिल, बुधवार

छोट्या बोर्डांचा प्रश्न वेगळाच. त्यांना बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज जाऊन आली आणि नेटवर्क मिळालं नाही, की तारीख बरीच मागे जाते. मग पॅमच्या हिशेबाने पासवर्ड 'भविष्यात' बदललेला ठरतो. तो लॉगमध्ये तशी ओळ लिहितो आणि आत घेतो. म्हणजे मुदत आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. या सहा बोर्डांवर पासवर्डने प्रवेशच बंद केला.

याच ओघात एक नोंद: दिवसांचा हिशेब युटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, होतो. स्थानिक मध्यरात्रीला मुदत संपेल असं सूचनापत्रात लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं.

१५ एप्रिल, बुधवार

आजचा प्रसंग नीट लिहिते.

सकाळी कळलं, नव्या सहा जणांना पहिले पासवर्ड ज्या फाइलमधून दिले होते, ती फाइल चुकून मोठ्या गटाला गेली. पहिली सूचना आली ती हीच: 'सहाही खात्यांना लास्टडे शून्य दे, म्हणजे सक्तीने बदलतील.' माझा हातही तिकडेच गेला होता. मग थांबले.

सक्तीचा बदल म्हणजे काय? जो पुढे येईल त्याला पासवर्ड बदलायला लावणं. पुढे कोण येईल, हे त्या शून्याला माहीत नाही. फुटलेला पासवर्ड हातात घेऊन आधी आलेला माणूस चालू पासवर्ड बरोबर टाकेल, नवा स्वतःच्या मनाचा ठेवेल, आणि खरा मालक बाहेर राहील. आपणच त्याला किल्ल्या दिल्यासारखं होईल. त्यातल्या चार खात्यांना तर ते शून्य आधीपासून होतंच, कारण त्यांनी अजून पहिलं लॉगिन केलेलं नव्हतं!

म्हणून क्रम असा धरला. आधी सहाही खात्यांना --एक्सपायरडेट १, म्हणजे दार सगळ्यांनाच बंद. मग चालू सेशन पाहिली, कारण यातलं काहीही आत बसलेल्याला बाहेर काढत नाही. दोन सेशन होती, मालकांना फोन करून खात्री केली आणि तरीही लॉगिनसीटीएल या आदेशाने संपवली. मग प्रत्येक खात्यातल्या किल्ल्या, क्रॉन, आणि शेवटच्या लॉगिनचे पत्ते तपासले. अनोळखी काही नव्हतं. मग प्रत्येकाला वेगळा, यादृच्छिक पासवर्ड, समोर बसून किंवा फोनवर आवाज ओळखून. मगच --लास्टडे ०, आणि सगळ्यात शेवटी --एक्सपायरडेट -१ देऊन दार उघडलं. सगळे बदल होईपर्यंत दीड तास गेला.

हा क्रम लिहून सगळ्या प्रशासकांना पाठवला. खाली ठळक अक्षरांत: फुटलेल्या पासवर्डवर नुसता सक्तीचा बदल लावायचा नाही.

नव्या खात्यांसाठीही पद्धत बदलली. पहिला पासवर्ड आता तीन दिवसच चालतो. --लास्टडे ० असताना कमाल दिवसांचा हिशेबच लागत नाही, त्यामुळे ते शून्य वर्षभर पडून राहिलं तरी चालतं. म्हणून मुदत आठव्या घरात घालतो, आज अधिक तीन. माणूस आला, पासवर्ड बदलला, की रात्रीची स्क्रिप्ट ती तारीख काढते. आला नाही, तर खातं आपोआप बंद आणि आम्हाला निरोप.

२४ एप्रिल, शुक्रवार

४१ पैकी ३७ खाती ९० दिवसांवर आली. उरलेली चार म्हणजे २५ मार्चची ती चार. त्यांच्यावरची कामं यंत्रखात्यांवर हलली आहेत, तुकडी ४ मेची.

लॉगिन.डेफ्स सगळीकडे एकसारखं केलं. डिरेक्टरीतून, म्हणजे खात्यांच्या मध्यवर्ती यादीतून, येणारी खाती यात नाहीत; चेज फक्त स्थानिक फाइलवर चालतं आणि डिरेक्टरीतल्या नावाला 'असं खातं नाही' म्हणतं. ते काम डिरेक्टरी सांभाळणाऱ्यांकडे, त्यांना शून्याचा आणि आठव्या घराचा अनुभव लिहून दिलाय.

दर सोमवारी एक यादी निघेल: पुढच्या चौदा दिवसांत कुणाची मुदत संपते, तो गेल्या साठ दिवसांत कुठल्या वाटेने आत आला, आणि त्याच्या नावावर क्रॉनचं काम आहे का. पहिली यादी आज हाताने काढून पाहिली. नऊ नावं, त्यांत रूट एका यंत्रावर, मुदत २ मेला. त्याचे कमाल दिवस आत्ताच -१ केले.